एकतीस खाडे

चौकशीबाईला वस्तीत कोणी नावाने हाक मारत नसे. आरोग्य खात्यात बावीस वर्षं दारोदार फिरण्यात गेली तिची. कोण आजारी, कधीपासून, काय खाल्लं, संडास कुठे आहे! असले प्रश्न विचारणाऱ्या बाईला कोण या-बसा म्हणणार? तोंडावर दारं धाडकन बंद व्हायची. हीही काही कमी नव्हती. बंद दारावर थाप मारून सांगायची, "मी गेले तरी रोग जायचा नाही, उघडा!" घरी नवरा भाजीत मीठ कमी आहे म्हणायलाही घाबरायचा. म्हटलं की सुरूच: कधीपासून कमी लागतंय, आणखी कोणाला लागतंय?

मग कारखान्याजवळच्या वस्तीत काविळीची साथ आली. आठवडाभरात एकतीस कामगार पिवळे पडले. बाईने तक्ता भरला: गेल्या आठ दिवसांत कुठे जेवलात? सगळ्यांचं उत्तर एकच, कोपऱ्यावरची खानावळ. झालं! भर दुपारी, माणसं ताटावर असताना, बाई खात्याच्या साहेबांना घेऊन तिथे थडकली.

खानावळवाली गयावया करत होती. "अहो, पाणी उकळून देते मी. आत येऊन बघा तरी."

"बघायचं काय? कागद खोटं बोलत नाही," असं म्हणून बाईने दाराला सील लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून वस्ती खानावळवालीला विषवाली म्हणू लागली. तिच्या म्हाताऱ्या सासूला कोणी दारात उभं करेना.

आणि तीन आठवड्यांनी नऊ नवे रोगी निघाले. त्यातल्या एकानेही खानावळीचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. तिने जुने तक्ते काढले आणि मथळा वाचून कपाळावर हात मारला. तक्ता हगवणीचा होता! हगवण चार दिवसांत आडवं करते. कावीळ अंगात शिरून महिनाभर गप्प बसते आणि मग डोळे पिवळे करते. विचारायचं होतं महिन्यामागचं, हिने विचारलं आठवड्याचं. आदल्या वर्षी हगवणीची साथ होती, हाताला तोच तक्ता बसलेला. बावीस वर्षांची बाई आणि चूक नवशिकीची! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता साथीच्या महिनाभर आधी कोण कुठे जेवलं हे कोणाला आठवणार? पण खानावळीत एक वही असते. जो जेवायला येत नाही त्याच्या नावापुढे खाडा पडतो. ती वही मिळाली नाही तर रोगाचं मूळ तसंच राहणार आणि आणखी माणसं पडणार. बाई गेली.

"आलात?" खानावळवाली दार अडवून उभी राहिली. "आता काय, चूलही उचलून नेता?"

"चूक माझी झाली. खाड्यांची वही द्या."

"मोठ्याने बोला. शेजाऱ्यांना ऐकू जात नाही."

बाईने दात-ओठ खाल्ले. मग गल्लीत उभं राहून, बंद दारांसमोर, तेच वाक्य खणखणीत आवाजात म्हटलं. खानावळवालीने वही तिच्या अंगावर फेकली.

बाईने तिथेच पायरीवर बसून पानं उलटली. साथीच्या महिनाभर आधी एकाच दुपारी एकतीस खाडे! नावं तीच, रोग्यांची. नवीन यंत्राच्या उद्घाटनाला कारखान्याने त्या दिवशी जेवण दिलं होतं. त्या दुपारी खानावळीत जेवलेले सातही जण ठणठणीत होते. संध्याकाळपर्यंत त्या जेवणाला पाणी दिलेली कारखान्याची टाकी उघडली, तर शेजारच्या गटाराचं पाणी आत झिरपत होतं. नवे नऊही त्याच जेवणातले निघाले.

सील निघालं, पण गिऱ्हाईक फिरकेना. खानावळवाली बाईच्या कचेरीत आली. "लोकांना तुमचा कागद कळतो होय? रोज दुपारी यायचं, दारासमोरच्या बाकावर बसायचं आणि सगळ्यांदेखत जेवायचं."

बाई गेली. रोज. खानावळवाली ताट आदळायची, शब्द बोलायची नाही. लोक थांबून बघायचे, कोणी थुंकायचंही. बाई मान खाली घालून शेवटच्या घासापर्यंत जेवायची. पंधराव्या दिवशी दोन कामगार आत आले, मग चार. महिना सरता सरता बाकं भरली. बाईला वाटलं, आज तरी ही दोन शब्द बोलेल.

बोलली. बाईपुढचं ताट उचलत म्हणाली, "उद्यापासून येऊ नका. जागा लागते."