तात्यांच्या बोटीची कापलेली पाठ

"तात्या, मागची भिंत कुठं गेली?"

पळसदेवच्या काठाला बांधलेली बोट बघून माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते हे. नमस्कार राहूनच गेला.

"कापली," तात्या हसत म्हणाले. "पाव्हण्यांना चढाय-उतराय त्रास व्हत हुता. आता बगा, पायरी-पायरीनं थेट आत. हाटेलात शिरल्यावानी."

नव्वदच्या दशकाच्या मधल्या एका वर्षातला मे महिना होता. मी तेव्हा मुंबईत एका यार्डमध्ये लहान बोटींचं डिझाइन करत असे. माहेर बारामतीजवळच्या पिंपळीचं, म्हणून तात्या माझ्यापर्यंत पोचले. तात्यांचा ऊस होता, शिवाय बारामतीच्या एमआयडीसीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायची त्यांची शेड होती. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यावर पर्यटकांसाठी शिडाची बोट चालवायची त्यांच्या मनात आलं. ड्रॉइंग मी केलं, बोट त्यांच्या शेडमध्ये तयार झाली. परवान्याच्या अर्जाला माझी सही लागणार होती, आणि ट्रायल घेतल्याशिवाय मी सही करत नाही. म्हणून मी आले होते.

आता मी का हादरले ते सांगते. बोटीच्या मागच्या बाजूला स्टर्न म्हणतात. पुढचं टोक लाटा कापतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण वारा पाठीमागून असेल तर लाटाही मागून येतात आणि त्या झेलायचं काम स्टर्नचं असतं. मी ती उंच आणि थोडी गोलसर काढली होती, म्हणजे मागून आलेली लाट बोटीला उचलेल आणि खालून निघून जाईल. तात्यांनी ती मधोमध पाण्यापासून वीतभर उंचीपर्यंत कापून पायऱ्या बसवल्या होत्या.

स्टर्नच्या पुढं कॉकपिट असतं. सुकाणू धरणारा आणि इतर माणसं बसतात तो खोलगट भाग. माझ्या ड्रॉइंगमध्ये ते आखूड होतं. तात्यांनी ते लांबवून दोन्ही बाजूंना गाद्यांचे बाक केले होते आणि खाली हिरवा गालिचा चिकटवला होता. कॉकपिटमधून पुढच्या छोट्या केबिनमध्ये जायला मी उंच उंबरठा आणि सरकत्या फळ्या दाखवल्या होत्या. तिथं आता सागवानी दार होतं. कॉकपिटकडं उघडणारं, उंबरठा नावापुरता.

"दार घराचं बसवलंय तुम्ही."

"मग काय? मानसं वाकून आत जात्याल का?"

"आणि पाणी बाहेर जायची भोकं? ती ठेवलीत ना?"

"हायती की," तात्या म्हणाले. शेडचे फोरमन शिंदे शेजारीच उभे होते. ते बुटानं गालिच्याची कड दाबत होते.

ही भोकं म्हणजे ड्रेन. कॉकपिटचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा थोडा उंच ठेवायचा आणि तळाला भोकं ठेवायची. लाट आत आली तरी पाणी आपोआप बाहेर पडतं. गालिच्यामुळं मला ती दिसत नव्हती. मी म्हटलं, पंप आणा, कॉकपिटमध्ये पाणी भरून ते किती वेळात रिकामं होतं ते बघते. तात्यांनी इंदापूरहून पंप मागवला, तो दुपारपर्यंत येणार होता. तोवर काठाजवळून एक फेरी मारू, सुकाणू कसं चालतं ते बघू, असं ठरलं. मी दोनच अटी घातल्या. माणसं मोजकी घ्यायची आणि सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायची.

आम्ही पाच जण निघालो. तात्या, त्यांच्या पत्नी म्हणजे काकू, शिंदे, मी आणि सुकाणूवर कांबळेदादा. कांबळेदादा इंदापूरचे, नौदलातून निवृत्त झालेले. माझ्या वडिलांच्या ओळखीतले. "जयभीम, पोरी," म्हणाले आणि मागच्या पायऱ्यांकडं बघून हळूच पुढं म्हणाले, "पाठ उघडी टाकलीय गं हिची."

बोट चालली मात्र छान. वारा बेताचा होता, शीड भरलेलं होतं. तात्या खुशीत होते. पाणी उतरल्यामुळं धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलं होतं, ते पाव्हण्यांना कसं दाखवायचं हे ते हातवारे करून सांगत होते. काकूंना उन्हानं मळमळायला लागलं. त्या केबिनमध्ये जाऊन आडव्या झाल्या आणि डोळ्यावर ऊन येतं म्हणून दार लावून घेतलं.

कांबळेदादांनी मान वळवली. पलीकडं, करमाळ्याच्या बाजूचा काठ दिसेनासा झाला होता. तिथं तांबूस धुरळ्याची भिंत उभी होती.

"वावधान हाय. मोठं शीड उतरवा," ते शांतपणे म्हणाले. "शिंदे, हात लावा. लवकर."

शीड खाली येतंय तोवर वारा पोचला. कानात दुसरं काही ऐकू येईना. पुढचं छोटं शीड तेवढं ठेवून आम्ही पळसदेवच्या काठाकडं पळू लागलो. वारा बरोबर पाठीमागून होता. उजनीला कुणी समुद्र म्हणत नाही, पण पात्र एवढं रुंद आहे की त्या टोकाकडून या टोकाकडं येईपर्यंत लाटा कमरेएवढ्या होतात. आणि त्या समुद्रातल्या लाटांपेक्षा जवळजवळ असतात. एक सावरेपर्यंत दुसरी येते.

पहिली लाट पायऱ्यांवरून चढून थेट आत आली. पाहुण्यांसाठी केलेल्या वाटेनं.

पाणी घोट्यापर्यंत आलं. मी थांबून बघत राहिले. आता ते उतरायला हवं होतं. उतरलं नाही. दुसरी लाट आली. पाणी पोटरीला लागलं आणि वजनानं मागची बाजू आणखी खाली बसली. त्यामुळं तिसऱ्या लाटेला चढावंसुद्धा लागलं नाही.

"शिंदे, ड्रेन कुठं आहेत?" मी ओरडले.

शिंद्यांनी बुडालेल्या गालिच्याकडं बघितलं. "न्हाईत ताई. बुजवली."

"बुजवली?"

"बसल्यावर गुडघं वर येत्यात म्हनून तळ टीचभर खाली घेतला. मग मानसं बसली की भोकातनं पानीच वर याय लागलं. तात्या म्हनले बुजवून टाका. फायबर मारून बंद केली."

आम्ही चौघं एका मोठ्या टाकीत उभे होतो. टाक्या बनवणाऱ्या माणसांनी गळणार नाही अशी पक्की टाकी बनवली होती आणि तिला मागून पाणी भरायची सोय केली होती. मी तात्यांकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि नजर बंद दारावर होती.

"आतमधी ही हाय," ते म्हणाले.

त्यांनी दाराची कडी धरून ओढली. दार हलेना. ते कॉकपिटकडं उघडणारं होतं आणि कॉकपिटमधलं गुडघाभर पाणी ते आत दाबून धरत होतं. खालच्या फटीतून पाणी केबिनमध्ये जात होतं. शिंद्यांनी नांगर उचलला. "फोडतो."

"नको!" मी त्यांचा हात धरला. "फोडलं की हे सगळं पाणी एकदम आत पडेल. मग बोट राहणार नाही."

"मग तिला मरू देऊ व्हय?" तात्या किंचाळले. त्यांचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

केबिनच्या छताला पुढं एक झाकण होतं. हवेसाठी असतं, पण माणूस निघेल एवढं मोठं ठेवायचं असतं. मी तसं काढलं होतं आणि तेवढ्याला कुणी हात लावला नव्हता. त्याच्या दोन्ही खिट्या मात्र आतून होत्या. मी छतावरून पोटावर सरकत पुढं गेले. बोट डोलत होती, धरायला एक दोर तेवढा होता. झाकणाच्या काचेतून काकू दिसल्या. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्या दोन्ही हातांनी दार बडवत होत्या.

मी काच ठोकली. "काकू! वर बघा! वरची खिटी फिरवा!"

"काय?"

"खिटी! काळी! उजवीकडं!"

त्यांनी वर पाहिलं. चाचपडत त्यांना खिटी सापडली. एक फिरली. दुसरी घट्ट होती. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि तिच्या टाचेनं खिटीवर मारायला लागल्या. मारताना कुणाला तरी शिव्या देत होत्या, कुणाला ते मला नंतर कळलं. खिटी फिरली. मी झाकण उचललं, काखेत हात घालून ओढलं, पण लाइफ जॅकेटसकट त्या अडकल्या.

"सोडू नगं, पोरी," त्या माझ्या डोळ्यांत बघत म्हणाल्या.

तेवढ्यात मागून तात्या सरपटत आले. आम्ही दोघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. तिघं छतावर पालथे पडलो.

आमचं वजन पुढं आल्यामुळं स्टर्न थोडी उचलली गेली. कांबळेदादांनी ते लगेच ओळखलं. "शिंदे, तुमीबी पुढं जावा! नांगर टोकावरनं सोडा!" उन्हाळ्यामुळं पाणी उथळ होतं. नांगर गाळात रुतला, दोर ताणला गेला आणि बोट गरकन फिरली. फिरताना ती एवढी कलंडली की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टोक लाटांकडं होतं आणि पाठ काठाकडं. त्याच लाटा, तेवढ्याच उंच, आता दोन्ही बाजूंनी निघून जात होत्या. आत एक थेंब येत नव्हता.

"आता भोकं फोडू का?" शिंद्यांनी विचारलं.

"नाही. तळ पाण्याखाली आहे. बाहेरचं पाणी आत येईल. उपसा."

मग आम्ही उपसलं. बादलीनं, थंड पेयांच्या बर्फाच्या पेटीनं, तात्यांनी तर डब्याच्या झाकणानं. वादळ जसं आलं तसं गेलं. आम्ही उपसतच होतो. तळ दिसल्यावर नांगर उचलला आणि काठाला लागलो.

तात्या बाभळीखाली बसले. मग म्हणाले, "भोकं हायती म्हनून तुमाला खोटं सांगितलं मी. सही मिळंना म्हनून."

उत्तर काकूंनी दिलं. पदर पिळत त्या म्हणाल्या, "पाव्हण्यांची बूटं भिजली म्हनून भोकं बुजवली. बायकू भिजली, आता काय बुजवताय?"

तात्या उठले आणि उरलेलं पाणी उपसायला बोटीत गेले.

मी सही केली नाही. पंधरवड्यानं तात्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, सहीसाठी गळ घालणार. ते म्हणाले, शेडमध्ये या आणि कुठं काय कापायचं ते खडूनं आखून द्या. मी गेले. आम्ही स्टर्न परत उंच केली आणि पायऱ्यांच्या जागी उचलून ठेवायची शिडी दिली. कॉकपिट निम्मं केलं, तळ वर घेतला, सागवानी दार काढून उंच उंबरठा आणि फळ्या बसवल्या. बसायच्या जागा इतक्या कमी झाल्या की पर्यटनाचा हिशेब जमेना. तात्यांनी तरीही काही हंगाम ती बोट चालवली. गुडघे वर येतात अशी तक्रार पाहुणे शेवटपर्यंत करत होते. बोटीत पाणी राहिल्याची तक्रार कुणी केली नाही. काकू मात्र पुन्हा कधी बोटीत बसल्या नाहीत, आणि तो विषय त्यांच्यापुढं काढायची तात्यांची छाती झाली नाही.

पुढं नोकरीत मी पुष्कळ बोटी तपासल्या. बहुतेक मालकांना आत येणं सोपं हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण पाण्यावर जी वाट माणसाला सोपी, ती पाण्यालाही तेवढीच सोपी असते. हे मालकाला आधी सांगितलं तर तो कंटाळतो. नंतर सांगायची वेळ आली तर सांगावंच लागत नाही.