पडद्यावरचं कुंकू

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. सांगलीत बी.एस्सी. केलं, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाला कडेगाव भागातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात लागले. हे मी मिरवून सांगते. मिरवण्यासारखंच होतं ते.

तिथले हेडक्लार्क मिल्ट्रीतून रिटायर होऊन आलेले. सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. कुणाचा ऊस कुठल्या ओढ्याकाठी, नवी लागण आहे की तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला खोडवा, सगळं तोंडपाठ. पण ऊसनोंदीची वही बंद होऊन नोंद कॉम्प्युटरवर आली आणि त्यांचा रुबाब उतरला. माऊसवर हात ठेवायचे ते विस्तवावर ठेवल्यासारखा. शेतकी अधिकाऱ्यांनी बजावलेलं, गळीत हंगामाचा बॉयलर पेटायच्या आत सुभेदारांना स्वतःच्या हातानं नोंद करता आली नाही, तर त्यांचं टेबल साखर गोदामात जाईल.

"दोन वर्सं राहिली माझी. ती पोत्यांवर बसून काढायची व्हय गं पोरी?" ते मला म्हणाले. शिकवायची जबाबदारी माझ्यावर होती.

खंडेनवमीला ऑफिसात पूजा झाली. वजनकाटा, टाइपरायटर आणि त्या वर्षी कॉम्प्युटरसुद्धा. सुभेदारांनी मॉनिटरच्या काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. दसऱ्याची सुट्टी संपवून आल्यावर नोंद भरताना बघतात तर ते बोट बरोबर 'सेव्ह'च्या बटणावर उमटलेलं. बाण कुंकवाखाली नेला, दाबलं आणि पहिली नोंद झाली.

"देवीनंच दावलं बघ!"

मग काय, टेबलाच्या खणात कुंकवाची डबी आली. गावासाठी एक टिपका, गट नंबरासाठी एक, नवीन नोंदीसाठी एक. चार दिवसांत काच अशी दिसायला लागली, जणू तिला गोवर आलाय. मी म्हटलं, "आवं सुभेदार, पडदा बदलला की बटणंबी बदलत्यात." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

आणि झालंच. नोंदी तपासायच्या पडद्यावर 'सेव्ह'च्या जागी 'डिलीट' होतं. सुभेदारांनी टिपक्यावर नेम धरला. कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, त्यालाही हो म्हणाले. नोंद गेली. ती होती त्यांच्याच दोन एकरांची.

"लय भारी, स्वतःचाच ऊस तोडला गड्या!" शेजारच्या टेबलावरचा क्लार्क म्हणाला. सगळं ऑफिस हसलं. अधिकाऱ्यांपर्यंत गेलंच. "सोमवारी माझ्यासमोर एक नोंद करून दाखवा," ते म्हणाले, "नाहीतर मंगळवारी गोदाम."

काच मी ओल्या फडक्यानं पुसली. पण डोक्यात आलं, माणसाला खूण पाहिजे, ती फक्त चुकीच्या जागी पडतीय. कीबोर्डवर प्रिंट स्क्रीन नावाची कळ असते. दाबली तर काहीच होत नाही असं वाटतं, म्हणून कोर्सला आम्ही तिला बिघडलेलीच समजायचो. ती दाबून पेंट नावाच्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये चिकटवलं की अख्खा पडदा चित्र होऊन समोर. एकेका पडद्याचं मी असं चित्र घेतलं, बटणाभोवती लाल गोल काढला, बाण काढला. माऊसनं 'इथं दाबा' लिहिताना अक्षर बालवाडीतल्यासारखं आलं. पाच पानं झाली. प्रिंटरमधून किरकिरत बाहेर आली तर काय, लाल रंगाचा पत्ताच नाही. सगळं काळं, माझे गोल बाकीच्या रेघांत हरवलेले.

माझा चेहरा पडला. सुभेदारांनी खण उघडला. "लाल पायजे ना? आपल्याकडं हाय की."

मी बटणाचं नाव सांगायचे, ते पानावर शोधून टिपका द्यायचे. पाचव्या पानाला मी सांगायच्या आतच त्यांचं बोट जागेवर. शिकवणं तिथंच झालं होतं, हे मला नंतर कळलं.

सोमवारी पाच पानं शेजारी मांडून सुभेदार ताठ बसले. अधिकारी मागे उभे. गाव, गट नंबर, लागणीची तारीख. पहिल्या तीन पानांकडे सुभेदारांनी बघितलं, पुढच्या दोन पानांकडे बघितलंच नाही. दोन एकर ऊस परत कॉम्प्युटरात आला.

"ही पानं कुणी केली?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आमच्या ग्रॅज्युएट पोरीनं. कुंकू माझं."

टेबल जागचं हललं नाही. अधिकाऱ्यांनी पानांच्या झेरॉक्स काढून कारखान्याच्या गावोगावच्या सगळ्या गट ऑफिसांना पाठवल्या. आठवड्यानं पलूसकडच्या ऑफिसातून फोन आला. सुभेदारांनी उचलला. पलीकडचा क्लार्क एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला माझ्या खुर्चीत ऐकू येत होतं.

"सायेब, पानावर जागोजाग काळं टिपकं हायती. नजर लागू नये म्हणून का?"

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मग गंभीर आवाजात म्हणाले, "व्हय. तिथंच दाब, काय होत न्हाई."