सारजाआत्याचं देवाशी भांडण

"सारजा गेली. चल जल्दी, माती व्हायचीय," एवढंच बोलून बाबा माझ्या जालन्याच्या घराच्या उंबऱ्यावर बसले. केदारखेड्याहून आले होते, हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. सारजाआत्या त्यांची धाकटी बहीण. त्या गोष्टीला आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहावं म्हणतात... मला नाही जमायचं. माझा राग अजून निवलेला नाही.

निजामाचं राज्य गेलं ती पोलीस अ‍ॅक्शन झाली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावात हैजा, म्हणजे पटकी, आला. आमची ख्रिस्ती घरं गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला. गावातल्या विहिरीवर आम्हाला कोण चढू देतंय? ओढ्यातलं डबकं प्यायचो, म्हणून हैजा आधी आमच्यात शिरला. आत्याचा नवरा आणि दोन्ही लेकरं एकाच आठवड्यात गेली. जालन्याहून पाळकसाहेब आले, "देवाची इच्छा" म्हणाले आणि आमच्याकडचं पाणी न पिता परत गेले. ओळखीच्या बाया म्हणाल्या, "सारजे, मरीआईला सोडलं, म्हणून कोप झाला. ये परत." आत्या उसळली, "नवऱ्याशी भांडण झालं म्हणून शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसू का? भांडीन तर त्याच्याशीच भांडीन!" आणि पुढं जन्मभर ती त्याच्याशीच भांडली.

आमच्याकडे ज्वारी निघाली की हंगामाचा सण असतो. पिकाचा दहावा हिस्सा देवाचा; त्यातलं पहिलं धान्य देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायचं, टेबलापुढं ओतायचं आणि उभं राहून आभारसाक्ष द्यायची; वर्षात देवानं काय काय दिलं ते सांगायचं. त्या हंगामाला आत्या रिकामं सूप घेऊन उभी राहिली. मी तिच्या शेजारीच बसले होते. वर बघून ती म्हणाली, "दहावा हिस्सा मागणारा देव तू, अन् माझी तर सगळी रास उचलून नेली. का नेली? मला सांग. मी आभार मानणार न्हाई."

पाळकसाहेब म्हणाले, "सारजाबाई, खाली बसा. हे देवाचं घर आहे."

"म्हणून तर हितं बोलून राह्यले, साहेब. बाजारात जाऊन बोलू का?"

मंडळीचे पंच बसले आणि ठरलं, ही आभार मानेपर्यंत हिला प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं वाटतात ती भाकर आणि प्याला, द्यायचं नाही. बाबा त्या पंचांत होते. त्यांनीही होकाराची मान हलवली. आत्याला कळलं तेव्हा ती त्यांच्या तोंडावर म्हणाली, "दादा, प्रभू स्वतः क्रुसावर 'देवा, मला का टाकलंस' म्हणून ओरडला. त्याला कुणी खाली बस म्हणलं का?"

बाई हट्टाची खरी, पण एक रविवार तिनं चुकवला नाही. भाकरीची थाळी तिच्यापुढून सरळ पुढं जायची, आणि दर हंगामाला ती उठून तेच विचारायची. बाया पदर तोंडाला लावून हसत. मात्र एखादीचं लेकरू गेलं की तीच बाई आत्याच्या दारात येऊन पडायची, कारण तिथं रडलं तर "देवाची इच्छा" ऐकावं लागत नसे. आत्या तिला जवळ घ्यायची, आणि मग दोघी मिळून देवाला जाब विचारायच्या. त्यालाच ती प्रार्थना म्हणायची.

वीस वर्षं हेच चाललं, आणि यंदा ती अंथरुणाला खिळली. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन आले. "एकदा आभार म्हणा, सारजाबाई. लगेच देतो."

आत्यानं त्या भाकरीकडं किती वेळ पाहिलं... "भूक तर लई लागली, साहेब. पण खोटं बोलून कशी खाऊ? त्याला कळंल ना."

साहेबांनी भाकर फडक्यात बांधली आणि ते निघून गेले. मेल्या माणसाला क्षमा करा म्हणतात. जित्या माणसाचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. आत्या दोन दिवसांनी गेली, उपाशीच गेली असं मी म्हणते. आणि मातीच्या वेळी हेच साहेब कबरीपाशी उभे राहून काय म्हणाले? "आमच्या या भगिनीनं सारं दुःख मुकाट सोसलं. कधी तक्रार केली नाही." माझ्या अंगाची लाही लाही झाली. अहो, तक्रारीशिवाय तिनं दुसरं केलं काय? बाकी सगळे मान खाली घालून उभे, बाबाही तसेच.

माती देऊन घरी आलो. बाबांच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना असते, आणि ती बाबाच करतात. लहानपणापासून मला ती पाठ आहे. अन्नासाठी आभार, वस्त्रासाठी आभार, आजच्या दिवसासाठी आभार. त्या दिवशी आम्ही डोळे मिटले. बाबांनी "हे प्रभू, आम्ही तुझे..." म्हटलं आणि तिथंच थांबले. मग त्यांचा फाटका आवाज आला, "माझी बहीण नेलीस. उपाशी नेलीस. अन् मी मान हलवली तवा मला थांबवलं न्हाईस. का?"

आमेन कुणीच म्हटलं नाही. तेव्हापासून बाबा रोज एवढंच विचारतात आणि जेवायला बसतात.