यादीत बीड नाही

बीड जिल्हा महाराष्ट्राच्या यादीतून गायब झाला, तेव्हा मी माजलगावात माझ्याच घरी चहा पीत बसलो होतो.

आमच्या मंजूला नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता आणि मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती. अर्ज घरच्या कम्प्युटरवरच भरायचा, हा माझा दंडक. कारण तिथे मी पहारा बसवला होता! मागे एकदा 'तुम्हाला मोटार लागली' अशी पाटी पडद्यावर नाचली आणि मी गल्लीत पेढे वाटून मोकळा झालो. (मोटार अजून वाटेतच आहे.) त्यानंतर मी ब्राउझरला एक अ‍ॅड-ऑन जोडलं. वेबसाइटच्या आत लपून काम करणारे छोटे प्रोग्राम असतात, स्क्रिप्ट म्हणतात त्यांना. हे अ‍ॅड-ऑन त्यांना दारातच अडवतं. मग आपण एकेकाला आत घ्यायचं नाहीतर हाकलायचं. आमच्याकडे पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देतानाच 'कोण गावचे, कुणाचे?' विचारायची रीत आहे. मी तीच स्क्रिप्टना लावली. नाव ओळखीचं नसलं की बाहेर. आजवर एकही ओळखीचं निघालं नव्हतं.

चारला मंजूनं अर्ज उघडला. नाव भरलं, जन्मतारीख भरली आणि 'जिल्हा निवडा' पाशी थांबली.

"बाबा, बीडच न्हाई इथं."

माझं डोकं फिरलं. मराठवाड्यावरचे पुष्कळ अन्याय सोसले, पण आता जिल्हाच पळवला? मी शेजारच्या बापूअण्णांना हाक मारली. अण्णा म्हणजे गल्लीचे पुढारी, लेटरहेड कायम खिशात. ते आले, त्यांच्यामागे सात-आठ जण आले. निवेदन सुरू झालं. मी मजकूर सांगत होतो, अण्णा लिहीत होते आणि 'जिल्हा परत न मिळाल्यास रास्ता रोको' यावर सगळ्यांनी माना डोलावल्या.

"साडेचार झाले बाबा. वरीस जाईल माझं," मंजू रडकुंडीला आली.

मी तिला समजावलं की प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, अख्ख्या जिल्ह्याचा आहे. (हे वाक्य आजही मला जेवताना ऐकवलं जातं.)

माझे सासरे, म्हणजे मामा, युसूफ वडगाव या त्यांच्या गावाहून आले होते. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. इतका वेळ कोपऱ्यात निवांत सुपारी कातरत होते. सह्या सुरू झाल्यावर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"जावईबापू, पुण्याचं नाव हाय का त्यात?"

मी पाहिलं. पुणे नव्हतं. लातूर नव्हतं. मुंबईसुद्धा नव्हती. सगळी यादीच रिकामी होती!

मंजूनं वरच्या कोपऱ्यातल्या लाल खुणेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा, या साइटच्या सगळ्या स्क्रिप्ट अडवल्यात तुमी. यादी भरणारी बी."

तिनं त्या साइटला परवानगी दिली. पान नव्यानं उघडलं आणि सगळे जिल्हे मुकाट्यानं आपापल्या जागी येऊन बसले, बीडसकट. पण भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं. पोरीनं पुन्हा पहिल्यापासून भरलं. पाचला चार मिनिटं असताना अर्ज गेला आणि मला खरोखर रडू आलं. अण्णांनी निवेदनाची घडी करून खिशात घातली. तारीख तेवढी कोरी ठेवली, कधीही कामाला येईल म्हणाले.

मामांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. "कुत्रं लई इमानी हाय तुमचं. पर राखणीला बांधायच्या आदी त्याला घरची मानसं दाखवावी लागत्यात."

मंजूला प्रवेश मिळाला. होस्टेलला जाताना तिनं त्या अ‍ॅड-ऑनला पासवर्ड लावला आणि तो सोबत घेऊन गेली. काल मला साधं पंचांग बघायचं होतं, पान काही उघडेना. शेवटी तिला फोन लावला.

"कोणती साइट? कुणाची? काय काम हाय तिथं?"

मी उभ्या उभ्या सगळी उत्तरं दिली.

"बघते," म्हणाली.