मामेसासऱ्यांची परतफेड

उपकारांची परतफेड करण्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांइतका धोकादायक माणूस साऱ्या नव्या मुंबईत नव्हता. उपकार विसरणारी माणसं जगात पुष्कळ असतात आणि त्यांचा फारसा त्रास होत नाही. मामा उपकार लक्षात ठेवत, आणि समोरचा माणूस हात जोडेपर्यंत फेडत राहत. वाशीला राहायला आल्याबरोबर शेजाऱ्यांनी त्यांना वाटीभर विरजण दिलं, तर मामांनी ते गावी गेल्याचं पाहून त्यांचं दार हिरव्यागार रंगानं रंगवून टाकलं. परतल्यावर शेजारी बिचारे आपलं घर शोधत वरच्या मजल्यापर्यंत जाऊन आले. एसटीत एका गृहस्थानं बसायला जागा दिली, तेव्हा मामा त्याच्याबरोबर पनवेलला उतरले आणि तो नको नको म्हणत असताना त्याची पिशवी घरापर्यंत पोचवून आले. तो गृहस्थ वाटभर पिशवीचा दुसरा बंद घट्ट धरून चालत होता, हेसुद्धा मामा कौतुकानं सांगत. मामींचं यावर एकच म्हणणं असे, की यांच्यावर कुणी उपकार करू नयेत, एवढंच देवाकडे मागणं आहे.

देवानं ते मनावर घेतलं नाही. ऐंशी सालानंतरची गोष्ट. बेलापूरजवळच्या कोळीवाड्यात मासळी स्वस्त मिळते असं ऐकून मामा मला घेऊन जेट्टीवर गेले. भाव ऐकला की दोन पावलं मागे सरायचं, ही त्यांची घासाघीस करण्याची पद्धत. बाजारात मागे जमीन असते. जेट्टीवर ती नव्हती. पापलेटाचा भाव ऐकून मामा मागे सरले आणि खाडीत दिसेनासे झाले. मी ओरडायच्या आत तीन-चार गड्यांनी उड्या टाकल्या आणि त्यांना वर काढलं. त्यांच्या म्होरक्याला सगळे तांडेल म्हणत. पन्नाशीचा, काळाकभिन्न, कमी बोलणारा माणूस. ओल्या धोतरानिशी मामांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "तुमचं काय द्यायचं?" तांडेल म्हणाला, "पान्यात पडलेल्या मानसाचा भाव आमी करत नाय."

हे वाक्य मामांना फार लागलं. चौकशी केली तेव्हा कळलं की खाडीत किंवा पुढे समुद्रात कुणाची होडी उलटली की ही मंडळी आपली कामं टाकून, पदरचं डिझेल जाळून निघतात. सरकारी माणूस पोचायच्या आत बहुतेक वेळा तेच पोचलेले असतात. त्यांच्याकडे होते जीर्ण दोर आणि मोटारीच्या टायरमधल्या ट्यूब. मामांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं की या लोकांसाठी आपण सायकल चालवून वर्गणी जमवणार. तेव्हा अखंड सायकल चालवणारे लोक गावोगाव मैदानात येत, कर्णे लावत, लोक पैसे टाकत. कल्पना वाईट नव्हती. फक्त मामांना सायकल येत नव्हती.

ती मी शिकवली. म्हणजे कॅरिअर धरून धावलो. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मामा टांग मारायला शिकले, तोल सांभाळायला शिकले, घंटी तर गरजेपेक्षा जास्त वाजवायला शिकले, पण उतरणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. थांबायचं झालं की ते वाळूच्या ढिगात सायकल घालत. शहर नवीन होतं, जिकडेतिकडे बांधकामं चालू होती, त्यामुळे अडचण आली नाही. अखेर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जमिनीला पाय न लावता सायकल चालवायची असं ठरलं. लोकांना तो निर्धार वाटला. मला कारण ठाऊक होतं.

त्या दिवशी मैदानात कर्णा लागला, मांडव पडला. दर फेरीमागे चार आणे द्यायचं दुकानदारांनी कबूल केलं होतं. तांडेल आणि त्याचे गडी हार घालून खुर्च्यांवर अवघडून बसले होते. कोपऱ्यावरचे किराणावाले चाचा दर तासाला धावत जाऊन मामांच्या हातात सरबताचा पेला देत आणि पुढच्या फेरीला रिकामा पेला परत घेत. दुपार कलली तेव्हा कोळीवाड्यातली एक बाई धापा टाकत आली आणि रेतीची होडी उलटल्याचं तिनं सांगितलं. तांडेलनं हार काढून खुर्चीवर ठेवला आणि गड्यांसह धावत सुटला. त्यांच्यामागे लोकही जेट्टीकडे गेले. कर्णेवालासुद्धा गाणं बंद करून गेला. मामी मला म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही थांबा. हे पडले तर उचलायला कुणीतरी हवं."

रिकाम्या मैदानात मामा फिरत राहिले. बघायला कुणी नाही, फेऱ्या मोजायला कुणी नाही. मी हाक मारून म्हटलं, की मामा, आता थांबलात तरी चालेल. उत्तर फेरीफेरीनं आलं. पहिल्या फेरीला त्यांनी विचारलं, "ते आले का?" मी नाही म्हटलं. पुढच्या फेरीला जवळून जाताना म्हणाले, "ते पाण्यात असताना मी पाय कसा टेकू?"

सूर्य बुडाला. अट संपली होती, पण मामा थांबेनात. त्यांच्या मांड्या थरथरत होत्या, तोंड कोरडं पडलं होतं, ओठ हलत होते. मला वाटलं फेऱ्या मोजतायत. जवळून ऐकलं तर "येऊ दे, सगळे येऊ दे" एवढंच चाललं होतं. मामी पदराचं टोक तोंडाशी धरून उभ्या होत्या. मी वाळूच्या ढिगाकडे बोट दाखवलं, तर मामांनी मान हलवून तोंड फिरवलं.

अंधारताना माणसांचा आवाज आला. पुढे तांडेल, अंगावरून पाणी निथळतंय. तो मामांबरोबर धावू लागला, त्यानं हँडल धरलं, गड्यांनी मागून सायकल धरली. "मामा, उतरा आता. समदी मानसं जिवंत हायेत," तो म्हणाला आणि पोरासारखं मामांना उचलून त्यानं खाली ठेवलं. मामांना उभंसुद्धा राहता येईना. ते तांडेलच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकून रडले. नंतर फेऱ्या किती झाल्या यावरून दुकानदारांत अर्थातच वाद झाला, आणि मामींनी तो एका नजरेत मिटवला. नवे दोर आले, बुडणाऱ्याकडे फेकायची रबरी कडी आली. होडीला नवं इंजिन घेण्याइतके पैसे काही जमले नाहीत.

पुढे मामा मुलीकडे सांगलीला राहायला गेले. शेवटी शेवटी त्यांना माणसं नीट आठवत नसत. मी भेटायला गेलो तर माझं नावही त्यांना आठवेना, पण नवी मुंबईहून आलोय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "आज भरती किती वाजता?" मला कुठलं माहीत असणार. मी सुचेल ती वेळ सांगितली. त्यांनी समाधानानं डोळे मिटले. म्हणाले, "मग होडी निघेल त्यांची."

पुढच्या खेपेला निघण्याआधी मी मुद्दाम जेट्टीवर जाऊन भरतीची वेळ विचारून घेतली. ती सांगायची वेळ मात्र आली नाही.