तटावरच्या मेंढ्या

इडवल पेनलान रोज संध्याकाळी जुन्या गडावर कुणा बाईला भेटायला जातो, अशी वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात आवई होती. ती उठवण्यात माझाही थोडा हातभार होता, नाही म्हणत नाही. मग एकदा मीच धापा टाकत त्याच्या मागे गेलो. मातीचे तीन तट आणि त्यांच्यामधले खंदक ओलांडून म्हातारा वारा लागणार नाही अशा आडोशाला बसला आणि थर्मासमधला चहा ओतू लागला. समोर त्याच्याच मेंढ्या चरत होत्या. बायका म्हणाल तर एवढ्याच, आणि सगळ्यांची तोंडं दुसरीकडे.

गुडघे गेलेत त्याचे. उतरताना तो तटावरून बसूनच घसरतो, त्यामुळे पँटची मागची बाजू बारा महिने हिरवी. लेक मेरेरिड तिकडे कार्डिफ शहरात असते. तिने किती वर्षं टुमणं लावलं, बाबा, विका मेंढ्या आणि या माझ्याकडे. गेल्या शरदात तो एकदाचा तयार झाला आणि दोन खोरी पलीकडच्या एकाला कळप विकून टाकला. इथली मेंढी आईच्या मागे फिरताना आपला डोंगर शिकते आणि मग दुसरीकडे टिकत नाही, म्हणून आमच्याकडे शेत विकलं तर कळप डोंगरासोबतच जातो. इडवलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दमलेला माणूस ठाऊक असलेलंही विसरतो.

आठवडाभरात कळप कुंपणं फोडून, ओढा ओलांडून परत. सगळ्यात म्हातारी मेंढी पुढे. गडाच्या पूर्वेच्या दारातून आत शिरून सगळ्या आपापल्या खंदकात रवंथ करत उभ्या. घेणाऱ्याने पुन्हा न्यायला साफ नकार दिला. मेरेरिडने खोली रंगवून ठेवली होती, ती तशीच राहिली. इडवलने काठी उचलली.

परवा गडाखालच्या फाटकापाशी तो गुडघा चोळत उभा होता. वर बघत होता, पण पाय उचलत नव्हता. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "काय म्हातारबा, तुमच्याशिवाय करमत नाही वाटतं त्यांना?"

"माझं काय पडलंय त्यांना? त्यांना डोंगर हवा," इडवल म्हणाला. "तुझं शेत गडाला लागून आहे, गुडघे धड आहेत. जीभ तर रोजच चालते तुझी, आता जरा पाय चालव. उद्यापासून वर तू जा."