आरशासारखी पाती

सामन्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या संघाच्या सगळ्या स्केटची पाती सपाट घासून आणली.

आइस हॉकी खेळणाऱ्याला एवढं वाक्य पुरे. बाकीच्यांना सांगावं लागेल.

मी मूळचा पुण्याचा, चाकांच्या स्केटवर हॉकी खेळलेला. दोह्यात इमारती थंड ठेवणाऱ्या चिलरच्या नोकरीवर आलो आणि मॉलमधल्या बर्फावर खेळायला लागलो. गुडघा गेला, म्हणून कोच झालो. मी कोच असताना संघ हरतच गेला, म्हणून मला मॅनेजर केलं. म्हणजे पाण्याच्या बाटल्या, जर्सी आणि मॉलवाल्यांची मनधरणी.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ येत होता. मॉलला शुक्रवारी सकाळी बर्फावर कार्पेट टाकून मुलांसाठी फुटबॉल मांडायचा होता, आणि तोच आमचा आठवड्यातला खेळायचा एकुलता एक तास. मॉलचा लेबनीज साहेब म्हणाला, "येत्या शुक्रवारी तुमचा सामना बघतो. बघण्यासारखा असेल तर तास तुमचा." आमच्या कॅप्टनने ते फारच मनावर घेतलं. बायकोमुलं नाशिकला परत गेलेली, अल सद्द भागातल्या फ्लॅटमध्ये तो एकटा. त्या तासाबद्दल तो कधी बोलायचा नाही, पण गुरुवारपासून त्याचा आवाजच बदलायचा.

रिंकवरचं धार लावायचं यंत्र नेमकं तेव्हाच बिघडलं. म्हटलं, मी मेकॅनिकल इंजिनीअर, काळजी सोडा. दोन बॅगा भरून एशियन टाउन या कामगारवस्तीच्या मागच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथला फिटर लातूरकडचा, हातात कसब असलेला. त्याने पातं उलटं धरलं.

"साहेब, मधी ही खाच हाय. ठिवायची का काढायची?"

इतकी वर्षं त्या पात्यांवर उभा राहिलो होतो, पण खालून कधी बघितलं नव्हतं.

"झिजलंय ते. काढून टाक."

"समद्या जोड्या एकसारख्याच झिजल्या व्हय?"

"अरे, तू कर. आरशासारखं कर."

त्याने केलं. तोंड दिसत होतं त्यात.

त्या खाचेमुळे पात्याला दोन कडा मिळतात आणि त्या बर्फाला धरतात, हे मला शिट्टी वाजल्यावर कळलं. कॅप्टन पकवर, म्हणजे खेळायच्या रबरी चकतीवर, धावून गेला, पकला मागे टाकून तसाच पुढे गेला आणि समोरच्या कठड्यावर आदळला. आमचा गोलकीपर काहीही न करता हळूहळू गोल सोडून निघाला. मी बाहेरून ओरडतोय, "थांबा! वळा!" एक जण माझ्यासमोरून घसरत जाता जाता म्हणाला, "कसं?"

मी बाटल्या हातात धरून उभा राहिलो.

समोरचा संघ कॅनेडियन मास्तरांचा. थोड्या वेळाने त्यांनी गोल करणं सोडून दिलं आणि आमच्या लोकांना हाताला धरून बाकापर्यंत पोचवायला लागले. वरच्या मजल्यावर माणसं मोबाइल काढून उभी. कॅप्टन मात्र पडायचा, मॉलच्या साहेबाकडे बघायचा आणि पुन्हा उठायचा. किती वेळा, ते मी मोजलं नाही. बघवत नव्हतं.

शेवटी साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खलास, हबीबी. कार्पेटवर कोणी घसरत नाही."

मी कॅप्टनशेजारी जाऊन बसलो. फिटरचं, खाचेचं, तास गेल्याचं, सगळं सांगून टाकलं. तो नाड्या सोडत ऐकत होता.

"इन्शाल्ला, वर्ल्ड कपनंतर परत मागतो मी," मी म्हटलं.

"तू नको मागूस," तो म्हणाला. "तू खेळायचास तेव्हा निदान एकटा पडायचास."